खाली सरकवलेली ओळ

हे माझ्या बायकोला ठाऊक नाही. आईला तर नाहीच नाही. आणि ज्या माणसाला सगळ्यात आधी कळायला हवं होतं, त्याच्या घरी जाऊन मी आजही पोटभर जेवून येतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. उद्या सापगावच्या पुलावर समोरासमोर आलोच, तर मी नदीकडे बघत निघून जाईन — हे आत्ताच सांगून ठेवतो.

कुठून सुरू करू? धंद्यापासून करतो. धंद्याबद्दल बोलताना माझी जीभ अडखळत नाही. दर रविवारी शहापुरात, हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत, तेच बोलून तर मी फी घेतो. पंचवीस-तीस पोरं-पोरी समोर बसलेली असतात. सर म्हणतात मला.

धंदा साधा आहे. इंटरनेटवर आपली वेबसाइट काढायची, तिच्यावर लेख टाकायचे, लेखाच्या मधे मधे जाहिराती दिसतात, त्या जाहिरातींचे पैसे आपल्याला मिळतात. पण लेख कशावर लिहायचा? सगळी मेख तिथेच आहे. आपल्याला काय सुचतंय, काय आवडतंय, ते चुलीत घालायचं. लोक मोबाइलमध्ये नेमके कुठले शब्द टाकून शोधतात ते बघायचं — त्या शब्दांना आम्ही कीवर्ड म्हणतो. शोधणारे भरपूर आणि लिहिणारे कमी, असा कीवर्ड सापडला की त्याच्यावर तुटून पडायचं.

सुरुवातीला मी येडाच होतो. माळशेजच्या धबधब्यांवर लिहिलं. पावसाळ्यात जरा वर्दळ व्हायची, दिवाळीनंतर तिकडे कुत्रंसुद्धा फिरकायचं नाही. मग कर्ज, विमा यांवर लिहिलं. तिथे एकेका क्लिकला भाव चांगला, पण तिथे आधीच मोठमोठी धेंडं बसलेली, सापगावच्या बीकॉमला कोण विचारतो? आणि मग एकदा आकडे चाळताना मला दिसलं, आपली माणसं सारखी काय शोधत असतात ते. दुखणं! दाढ दुखते, कंबर दुखते, पोट दुखतं — पुढे दोन शब्द ठरलेले, घरगुती उपाय. दवाखाना लांब, गाडी नाही, डॉक्टरकडे जायचं म्हणजे दिवस मोडणार, पण मोबाइल मात्र घराघरात. आणि मराठीत यावर धड लिहिणारं कुणी नाही. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! लोकांची दुखणी बघून मला आनंद झाला — आणि त्यात काही वावगं आहे हे मला तेव्हा जाणवलंसुद्धा नाही.

मी डॉक्टर नाही, वैद्य नाही. इकडचं तिकडचं वाचायचं, आईला विचारायचं, आणि ठोकून द्यायचं. ओवा, हिंग, लिंबू, आलं. त्याने कुणाचं वाईट तरी काय होणार, असं मी म्हणायचो. खरंच म्हणायचो.

पोटदुखीचा लेख माझा सगळ्यात चाललेला लेख. तो लिहिला त्या सुमारास शहापुरात सर्पदंशावर एका डॉक्टरांचं भाषण होतं. मी गेलो होतो ते साइटवर टाकायला फोटो मिळतील म्हणून. पण डॉक्टर जे बोलले ते डोक्यात राहिलं. मण्यार चावली की कित्येकदा कळतसुद्धा नाही, म्हणाले. खूण दिसत नाही, सूज नाही, आग नाही. माणूस रात्री जमिनीवर झोपतो आणि पहाटे त्याचं पोट दुखायला लागतं. घसा आवळल्यासारखा होतो, पापण्या मिटायला लागतात. घरच्यांना वाटतं, काहीतरी खाण्यात आलं. ओवा देतात, झोप म्हणतात. आणि तो झोपतो.

आमच्या भागात जमिनीवर कोण झोपत नाही? मी घरी आलो आणि लेखाच्या अगदी वर, पहिल्या ओळीत, ठळक अक्षरात लिहिलं: रात्री जमिनीवर झोपला असाल आणि पहाटेपासून पोट दुखत असेल, पापण्या जड होत असतील, तर घरी काहीही करू नका, मण्यार चावलेली असू शकते, असाल तसे दवाखान्यात जा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी आपणहून लिहिलं होतं, चांगल्या मनाने —

बघा, आलो ना लगेच स्वतःची बाजू घ्यायला? सोडा. चांगलं मन किती दिवस टिकलं ते ऐका.

वेबसाइटवाल्याला सगळं दिसतं. कोण आलं, किती वेळ थांबलं, कुठवर वाचलं, कुठून पळालं. पोटदुखीच्या लेखावर लोक यायचे ढिगाने, पण त्यांतले बरेच पहिल्या ओळीपाशीच परत फिरायचे. खाली येतच नव्हते. आणि जाहिराती तर खाली. लोक घाबरतायत, मी म्हणालो, पहिल्याच घासाला खडा लागतोय त्यांना. मग मी ती ओळ उचलली आणि खाली नेऊन ठेवली. ओव्याच्या खाली, हिंगाच्या खाली, लिंबू-सोड्याच्या खाली, सगळ्या जाहिरातींच्या खाली, अगदी तळाला, बारीक अक्षरात. काढून टाकली नाही. काढून टाकली असती तर मला वाईट वाटलं असतं!

लोक खालपर्यंत यायला लागले. कमाई वाढली. वर्गात मी हेच शिकवायला लागलो, की उत्तर वर दिलंत तर गिऱ्हाईक दारातूनच जाईल. त्याला खालपर्यंत आणा. पोरं लिहून घ्यायची.

आता मला एक सांगा. ती माणसं पहिली ओळ वाचून निघून जात होती — कुठे जात होती? हा प्रश्न मला तेव्हा एकदाही पडला नाही. दवाखान्यात जात असतील ना? त्यासाठीच तर ओळ लिहिली होती! जायलाच हवं होतं त्यांनी. मी मात्र आकड्याकडे बघून चडफडत होतो, की मेले थांबत का नाहीत.

आता ताईचं सांगतो. तिथे यायला मी इतका वेळ लावला, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

ताई माझ्यापेक्षा मोठी. टोकावड्याच्या अलीकडे एका गावात दिलेली. सातवी शिकली, पुढे मला शिकवायचं म्हणून तिची शाळा बंद झाली. दाजी — तिचा नवरा — भातशेती करायचे, आणि पावसाळ्यात घाटाकडे जाणाऱ्या गाड्यांसाठी रस्त्याला टपरी टाकून मक्याची कणसं नि भजी विकायचे. हसरा माणूस. मला बघितलं की हाक मारायचे, "काय कंप्यूटर, आज कोणाचं काय दुखतंय?" बरोबर ओळखलं होतं त्यांनी माझं काम.

पहिली धड कमाई झाली तेव्हा मी ताईला मोबाइल घेऊन दिला. त्यात माझी वेबसाइट अशी लावून दिली, की बोट ठेवलं की उघडलीच पाहिजे. ताईला केवढं कौतुक! गावात कुणाचं काही दुखलं, की मोबाइल काढायची. माझ्या भावानं लिवलंय, म्हणायची, यात बघू. मला ते ऐकून बरं वाटायचं. नाही कसं म्हणू?

त्या वर्षी आषाढात त्यांची लावणी चालू होती. आदल्या संध्याकाळी दाजींनी शेतातून चिंबोऱ्या — खेकडे — धरून आणल्या, ताईने झणझणीत रस्सा केला, सगळे जेवले. दाजी नेहमीप्रमाणे पडवीत गोधडी टाकून जमिनीवर झोपले. उजाडता उजाडता म्हणाले, पोटात कळ येतेय. ताईला वाटलं, चिंबोऱ्या बाधल्या. कुणालाही तेच वाटलं असतं. घरात लावणीला आलेली माणसं, चूल पेटायची होती. मला फोन करावा असं तिच्या मनात आलं होतं. पण तिने केला नाही, कारण — हे तिने मला नंतर कितीदा सांगितलंय — "तुला कशाला उठवायचा? तू सांगायचा ते तर मोबाइलात होताच की रे."

लेख उघडला. वर ओवा. ओवा दिला. खाली हिंग. हिंगाचा लेप बेंबीभोवती लावला. मधे एक जाहिरात अख्खा पडदा भरून आली, ती बंद करता करता दुसरंच काहीतरी उघडलं, ते घालवून ताई परत लेखावर आली. लिंबू आणि सोड्यापर्यंत पोचली. तेवढ्यात दाजींनी हाक मारली, पाणी गिळवत नाही म्हणाले. तिने मोबाइल कोनाड्यात ठेवला आणि त्यांच्यापाशी बसली. हळूहळू त्यांचे डोळे मिटायला लागले. तिला वाटलं, बरं वाटतंय, झोप लागतेय. तिने अंगावर गोधडी घातली आणि पोरांना सांगितलं, गलका करू नका.

दाजींना श्वास लागला तेव्हा शेजाऱ्यांनी जीप काढली. मला फोन आला, मी शहापुराहून मोटरसायकल हाणत निघालो. मी मुरबाडच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा दाजी गेलेले होते. वाटेतच. ताई बाकावर बसलेली, हाताला हिंगाचा वास. तिथल्या डॉक्टरने तिला एकच विचारलं, रात्री झोपले कुठे होते? पडवीत, खाली, ताई म्हणाली. पापण्या मिटत होत्या का? हो, म्हणाली, झोप लागत होती त्यांना. डॉक्टरने मान हलवली. मण्यार असणार, म्हणाले.

मी तिच्या मागे उभा होतो. आणि देवाशपथ सांगतो, माझ्या मनात पहिल्यांदा दाजी आले नाहीत, ताई आली नाही. ती ओळ आली. ती कुठे आहे, हे आलं.

वर असती तर दाजी वाचले असते का? मला माहीत नाही. रस्ता, पाऊस, जीप — कशाचीच खात्री देता येत नाही. त्या माहीत नसण्यावर मी बरेच दिवस काढले. पण मी जे कबूल करायला बसलोय ते हे नाही. एवढंच असतं तर कदाचित कधीतरी बायकोजवळ तरी बोललो असतो.

दहाव्याच्या आधीची गोष्ट. ताईच्या घरी माणसं येत-जात होती. बाप्ये विधीची तयारी करायला नदीवर गेलेले, बाया आत ताईपाशी. मी एकटाच पडवीत बसलो होतो — त्याच पडवीत — आणि मोबाइल काढून त्या लेखातली ती ओळ मी तळातून उचलून परत वर नेली. पहिल्या जागी, ठळक अक्षरात, होती तशी. दुसऱ्या कुणाचा जीव जाऊ नये म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण पूर्ण खरंही नव्हतं. घरातल्या कुणाच्या तरी हातात मोबाइल आहे, आज ना उद्या कुणीतरी तो लेख उघडून बघणार, म्हणून मी ती हलवली. घाबरून हलवली. चोराने ताट जागेवर ठेवावं तसं ठेवलं.

आणि उघडला कुणी? ताईनेच उघडला.

तेरावं झालं होतं. मी निघायच्या बेतात होतो. ताई मोबाइल घेऊन माझ्यापाशी आली, माझ्यासमोर धरला. बोट त्या ओळीवर. "हा तर वरच हाय रे," म्हणाली, "पहिल्याच ओळीत हाय. मला कसा नाय दिसला? माजे डोळे फुटले होते का?"

मी काय म्हणालो असेन? तुम्हाला काय वाटतं? तोंड उघडायला एवढी मोकळी जागा माणसाला आयुष्यात दुसऱ्यांदा मिळत नाही. ताई, ती तेव्हा तिथे नव्हती, मी खाली नेली होती, पैशासाठी नेली होती, आत्ता परवा वर आणली — एवढंच म्हणायचं होतं. ती मला मारती, थुंकती, घराची पायरी बंद करती. करू दे ना! निदान तिला स्वतःचे डोळे परत मिळाले असते.

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "अशा वेळी नाही दिसत गो ताई. कुणालाच नाही दिसत."

हे बोललो मी. हेच सांगायचं होतं. मायेने बोललो, समजूत काढल्यासारखं — आणि तिने ते खरं मानलं. त्या दिवसापासून ती नवऱ्याला मारणारी बाई झाली. तिच्या स्वतःच्या हिशेबात. मी केली.

पुढे माझं धाडस वाढतच गेलं. गावात बोलणारी तोंडं गप्प का बसतात? सासूने ऐकवलं, भावानं लिहून ठेवलं होतं तरी हिला वाचता आलं नाय, मग शिकून उपेग काय झाला? दिरांनी ऐकवलं. आमच्या आईने, सख्ख्या आईने, माझ्यासमोर तिला म्हटलं, एवढा मोठ्या अक्षरात लिहिलेला, बाय, जरा नीट बघायचा होतास. मी भात कालवत होतो. कालवत राहिलो. ताई मान खाली घालून मला वाढत होती.

आणि आता तर ताई ती ओळ पाठच म्हणते. हो, पाठ. पावसाळा आला की गावातल्या बायांना, लावणीला येणाऱ्या पोरींना, नळावर, पिठाच्या गिरणीत, जी भेटेल तिला धरून म्हणून दाखवते — रात्री जमिनीवर झोपला असाल आणि पहाटेपासून पोट दुखत असेल. एक शब्द इकडचा तिकडे होत नाही. मग सांगते, "माज्या भावानं वरच लिवलेला, मीच अवदसा, वाचला नाय. तुमी नीट वाचा गो." त्या बायांपैकी दोघींच्या घरची माणसं वेळेवर दवाखान्यात पोचली आणि वाचली, असं ऐकलं. ती ताईने वाचवली. माझ्या लेखावर टोकावड्याकडून येणारी वर्दळ मात्र वाढली — ती मला आकड्यात दिसते. तिच्या पापाचं, जे तिचं नाहीच, मला भाडं मिळतं.

वर्ग चालू आहे. गेल्या रविवारीच एका मुलीने विचारलं, सर, उत्तर वर द्यायचं का खाली? मी खाली म्हणालो. जिभेला सवय झालीये.

गेल्या भाऊबीजेला मी ताईकडे गेलो. सासू म्हणाली, तू नको ओवाळू, पोरीला ओवाळू दे. ताईने ऐकलं नाही. माझा भाऊ हाय, मीच ओवाळणार, म्हणाली. पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, तबकात निरांजन लावलं. केस पांढरे झालेत तिचे, माझ्याहून फार मोठी नाही ती. मला टिळा लावताना तिचं बोट कपाळावर जरा वेळ थांबलं. "तुजा काय चुकला नाय रे," ती म्हणाली, "तू लिवलेला. मनाला लावून घेऊ नको."

मी कपाळ पुढे केलं. तिने अक्षता लावल्या, ओवाळलं, साखर भरवली. मी ती खाल्ली.